माळ्यावरच्या ट्रंकेतला वेताळ

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: जुन्या घराचा माळा आवरताना वडिलांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे १४० च्या आसपास अंक आहेत. काही सुटे, काही पाच-सहा एकत्र शिवून बांधलेले. खालच्या थराला दमट वास येतो आणि काही अंकांना कसर लागली आहे. हे सांभाळायचे कसे, यांची किंमत काय येईल, आणि मधले नसलेले अंक शोधून संच पुरा करावा का? वडील ७१ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे माळ्यावर चढू शकत नाहीत, पण घरीच असतात.

ताई, आधी एक विनंती. अजून काही आवरू नका. क्रमांकानुसार लावायचा मोह होईल, मलाही प्रत्येक वेळी होतो. पण ट्रंकेत अंक ज्या क्रमाने पडले आहेत तो क्रम एकदा मोडला की पुन्हा मिळत नाही. मोबाइल घ्या, एकेक थर उचला, वरून फोटो काढा, मग दुसरा थर. कुठल्या खंडात कुठले अंक एकत्र बांधले आहेत ते लिहून ठेवा. अंकांच्या मध्ये काही चिठ्ठ्या, एसटीची तिकिटं, वाचनालयाच्या पावत्या निघाल्या तर ज्या अंकात सापडल्या त्याच्याच पाकिटात घाला. मी ३४ वर्षं इंद्रजाल गोळा करतो आहे, त्यातही मराठीच जास्त, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती न मिळालेल्या अंकांची नाही. सुरुवातीच्या काळात विकत घेतलेले गठ्ठे मी घरी आणून लगेच क्रमाने लावले. कुठला अंक कुणाच्या घरातून आला, कुणी कशासोबत वाचला, हे सगळं त्या एका दुपारी पुसलं गेलं.

हे इतकं का महत्त्वाचं, ते सांगायला जरा मागे जातो.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये सुरू केली. अनंत पै तेव्हा तिथेच काम करत होते. १९६७ मध्ये ते बाहेर पडले आणि अमर चित्र कथा उभी राहिली. इंद्रजालचे पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे. मग जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर आले. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, डाकूच्या पोटी जन्मून डाकूंविरुद्ध उभा राहिलेला. त्याची चित्रं गोविंद ब्रह्मणिया यांची. (सुरतींनी पुढे २००७ पासून मिरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचं काम हाती घेतलं. बहादूरवर वाढलेल्या माझ्यासारख्याला याचं जराही नवल वाटलं नाही.) १९९० मध्ये मालिका बंद पडली.

वेताळ मूळचा अमेरिकेतला. लेखक ली फॉकने १७ फेब्रुवारी १९३६ पासून तो वर्तमानपत्रांतल्या रोजच्या चित्रपट्टीत सुरू केला. सुपरमॅनचा पहिला अंक जून १९३८ चा. अंगासरशी पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा या दोन गोष्टी, ज्या पुढे कितीतरी सुपरहिरोंच्या अंगावर दिसल्या, त्या आधी वेताळाने घातल्या. त्याच्याकडे अचाट शक्ती मात्र कसलीही नाही. १५३६ मध्ये चाच्यांनी ज्याच्या बापाला मारलं त्या मुलाने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचला तो २१ वा. जंगलातल्या लोकांना वाटतं की हा एकच माणूस आहे आणि तो मरत नाही.

इंग्रजीत त्याचं बिरुद ‘चालणारं भूत’ अशा अर्थाचं आहे. आपल्याकडे त्याला वेताळ म्हटलं गेलं; हिंदीतही वेतालच. पण कोकणात आणि गोव्यात हे नाव नुसतं विक्रमाच्या गोष्टीतलं नाही. तिथे वेताळ हा गावाचा राखणदार देव आहे. गोव्यातल्या बेताळभाटी गावाचं नावच त्याच्यावरून पडलं. रात्री तो गावाच्या शिवेवरून फिरतो अशी श्रद्धा आहे, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि त्या झिजलेल्या दिसल्या की देव फिरून आला असं समजतात. माझं आजोळ मालवणकडे. मी सात वर्षांचा असताना मामाच्या घरी पहिला वेताळ वाचला आणि मला एका क्षणासाठीही तो परका वाटला नाही. रात्री फिरणारा, कुणाला न दिसणारा, दुष्टाला शासन करणारा राखणदार मला आधीच ठाऊक होता. त्याच्या वहाणा मी देवळात पाहिल्या होत्या. फक्त याला घोडा होता आणि बोटात कवटीची अंगठी होती.

म्हणून मी मराठी अंकांना इंग्रजीचं भाषांतर म्हणून दुय्यम मानत नाही. संग्राहकांत तशी पद्धत आहे: इंग्रजी संच तो खरा, बाकी भाषा म्हणजे पुरवणी. इंग्रजीच्या याद्या तयार आहेत. एकूण ८०३ अंक निघाले, त्यांतले निम्म्याहून जास्त वेताळाचे. १२३ आणि १२४ हे क्रमांक शोधत बसू नका. टाइम्समधल्या संपामुळे ते निघालेच नाहीत. ४४३ पर्यंत सरळ क्रमांक आहेत आणि त्यापुढे वर्ष २०, अंक १ अशी मोजणी सुरू होते. हा आकडा ठाऊक नसल्यामुळे नवे लोक नंतरचे अंक बघून गोंधळतात. ही यादी हाताशी ठेवा, पण मराठी अंकाचा क्रमांक इंग्रजीशी जुळेलच असं धरून चालू नका. प्रत्येक अंक हातात घेऊन त्यावर छापलेला क्रमांक, महिना, किंमत आणि कथेचं नाव तुमच्या वहीत उतरवा. कुठे अनुवादकाचं नाव छापलेलं दिसलं तर ते आठवणीने लिहा. तुमची ही वही उद्या कुणालातरी सोन्यासारखी वाटेल.

संपादनाच्या खुणाही बघा. मूळ मालिकेत वेताळाच्या देशाचं नाव बंगालशी फारच मिळतंजुळतं होतं, म्हणून इंद्रजालने त्याचं डेंकाली केलं. चाच्यांच्या टोळीचं ‘सिंग’ हे नाव बदलून ‘सिंगा’ केलं. वेताळाच्या पूर्वजांच्या कथेतला खुनी ‘रामा’ होता, त्याचा रामालू झाला. पानांत बसवण्यासाठी मूळ पट्ट्यांतल्या चौकटीही कापल्या जात. चित्रकार कोण, हेही थोडं निरखलं की ओळखता येतं: सुरुवातीच्या अंकांत विल्सन मॅकॉयची साधी, जाड रेष, पुढे साय बॅरी. बॅरीने १९६१ पासून १९९४ पर्यंत वेताळ काढला. आपल्या मनात वेताळाचा जो चेहरा आहे, तो जबडा, ते खांदे, तो बहुतेकांच्या बाबतीत बॅरीचा आहे.

आता किमतीकडे येतो, कारण तुम्ही ते मोकळेपणाने विचारलं आहे आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

अमेरिकेत सुपरमॅनचा तो १९३८ चा पहिला अंक १० सेंटला विकला गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या एका प्रतीला लिलावात ६० लाख डॉलर मिळाले. या बातम्या वाचून लोकांना वाटतं की जुनं म्हणजे महाग. जुनेपणाला स्वतःची किंमत नसते. तो अंक महाग आहे कारण त्याच्या फार थोड्या प्रती उरल्या. दुसऱ्या महायुद्धात तिकडे लढाईसाठी घरोघरून रद्दी गोळा झाली आणि मुलांनी आपले अंक हौसेने देऊन टाकले. याच्या उलट १९९१ मध्ये एक्स-मेन या सुपरहिरो मालिकेचा नवा पहिला अंक निघाला. त्याच्या ८० लाखांहून जास्त प्रती गेल्या, घेणाऱ्यांतल्या कित्येकांनी तो पुढे महाग होईल म्हणून न उघडता जपून ठेवला, आणि म्हणूनच आज तो जवळजवळ कवडीमोल आहे.

आपल्याकडे युद्धाची गरज पडली नाही, रद्दीवाला दर महिन्याला दारात येत होता. इंद्रजालचा मराठी अंक एका घरात एकाने वाचला असं क्वचितच झालं. भावंडांनी वाचला, शेजारी गेला, शाळेत दप्तरातून फिरला, सुट्टीत गल्लीतल्या मुलांनी जिन्याखाली वाचनालय काढलं तिथे भाड्याने गेला, मग मुखपृष्ठ निघालं, मग मधलं पान गेलं, आणि शेवटी वाण्याकडे पुडी बांधायला. इंग्रजी अंक ज्या घरांत जात तिथे कपाटं होती. मराठी अंक वाचून वाचून संपले. तुमच्या ट्रंकेतले १४० अंक या सगळ्यातून निसटून उरले आहेत, हे आधी लक्षात घ्या.

तरी यातून मोठी रक्कम येईल अशी आशा मी लावणार नाही. मराठी इंद्रजालचे खरे खरेदीदार थोडे आहेत. ऑनलाइन जे आकडे दिसतात ते विकणाऱ्याने मागितलेले असतात, मिळालेले नव्हेत. तोच अंक त्याच आकड्याला वर्षभर पडून असलेला मी पाहिला आहे. पहिल्या शंभरातले अंक, त्यातही वेताळाचे, मुखपृष्ठ शाबूत आणि मधली पानं पूर्ण, याला चांगला भाव येतो. बाकीच्यांना साधारण येतो. बांधलेल्या खंडांना सुट्या अंकांपेक्षा कमी येतो, कारण बाइंडरने कडा कापलेल्या असतात. परदेशी पद्धतीने ०.५ ते १० असा दर्जा देऊन अंक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देणाऱ्या संस्था आहेत. मराठी इंद्रजालसाठी त्या वाटेला जाऊ नका. खर्च अंकाच्या किमतीपेक्षा जास्त होईल आणि पेटी फोडल्याशिवाय अंक पुन्हा उघडता येणार नाही.

विकायचंच ठरलं तर गठ्ठा फोडू नका. व्यापारी आधी तुमचे दहा चांगले अंक मागेल. ते दिले की उरलेल्या १३० ना कुणी हात लावणार नाही.

सांभाळण्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेक घरांत प्रेमापोटी नुकसान होतं. माझ्याही घरात झालं. दहावीच्या सुट्टीत मी माझ्या सगळ्या फाटक्या अंकांना सेलोटेप लावला, फार मन लावून. दहा वर्षांत टेपचं प्लास्टिक गळून पडलं आणि डिंक कागदात मुरून तपकिरी पट्टे राहिले. ते आजही तसेच आहेत, निघत नाहीत. म्हणून सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही, फेव्हिकॉल नाही. फाटलेलं पान तसंच पाकिटात घाला. फारच मौल्यवान अंक असेल तर हस्तलिखितांचं संवर्धन करणाऱ्या माणसाकडून पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने ते जोडून घेता येतं, आणि पुढे पाण्याने सोडवताही येतं.

कागद पिवळा का पडतो ते कळलं की बाकीचे निर्णय आपोआप होतात. हे अंक स्वस्त कागदावर छापलेले. असा कागद लाकूड नुसतं दळून करतात, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारं द्रव्य, काढलेलं नसतं. ऊन आणि हवा लागली की लिग्निन पिवळं पडतं आणि त्यातून आम्ल तयार होतं. आम्ल कागदाचे तंतू तोडतं, मग पान दुमडलं की तिथेच तुटतं. ही क्रिया थांबवता येत नाही. थंडावा, अंधार आणि कोरडेपणा मिळाला तर ती मंद होते, आणि तेवढं पुरेसं आहे. माळा या तिन्हीच्या विरुद्ध असतो: वर तापलेले पत्रे किंवा स्लॅब, पावसात ओल. ट्रंक खाली आणा, पण अंक पुन्हा तिच्यात ठेवू नका. ट्रंकेत हवा कोंडते.

आता कामाचा क्रम. दमट वासाचे अंक आधी वेगळे काढा, बाकीच्यांजवळ ठेवूच नका. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात, पानं जराशी उघडी ठेवून तीन-चार दिवस वाळू द्या. उन्हात घालायचा मोह होईल. त्याने मुखपृष्ठाचा रंग उडतो आणि कागद वाकतो. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती पूर्ण वाळल्यावर, घराबाहेर, तोंडाला चांगला मास्क लावून, मऊ कुंचल्याने झटका. ओलं फडकं अजिबात नको. बुरशीची धूळ छातीला वाईट, वडिलांना या कामापासून लांब ठेवा.

कसर लागलेल्या अंकांसाठी घरचा डीप फ्रीझर वापरा. चार-पाच अंक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. चोवीस तास तशीच राहू द्या, म्हणजे बाहेरच्या हवेचं पाणी पिशवीवर जमेल, कागदावर नाही. आधी पूर्ण वाळवलेले अंकच फ्रीझरमध्ये घाला. डांबराच्या गोळ्या कपाटात टाकू नका. तो वास तुमच्या फुप्फुसालाही बरा नाही. कडुलिंबाचा पाला पानांत घालायची आपली जुनी सवय आहे, पण पाल्यातला ओलावा कागदाला डाग पाडतो. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही. आपल्या पोथ्या लाल कापडात वेखंडासोबतच टिकल्या, फक्त ती कागदाला टेकू देऊ नका.

पिनांचं बघा. साताऱ्यात कोकणाइतका त्रास नसेल, पण गंजलेली पिन भोवतीचा कागद खाते आणि मधलं पान सुटतं. गंज नुसता वरवर असेल तर हात लावू नका. कागद फाटू लागला असेल तरच मधलं पान उघडून, बोथट सुरीने पिनेचे पाय सरळ करून ती बाहेरच्या बाजूने काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवून सैल गाठ मारा.

मग प्रत्येक अंकाला स्वतंत्र पाकीट. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालेल. पीव्हीसी नको; ज्या पाकिटाला नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी, काही वर्षांत ते चिकट होऊन छपाई ओढून घेतं. मागे आम्लविरहित पुठ्ठा घाला. साधा तपकिरी पुठ्ठा स्वतःच आम्ल सोडतो, त्याने अंक आणखी लवकर पिवळे पडतील. सगळ्या १४० ना चांगला पुठ्ठा परवडत नसेल तर सर्वांत जीर्ण ४० ना घाला. अंक लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या, मधल्या खणात ठेवा. उभे ठेवलेत तर गच्च बसतील इतके एकत्र, नाहीतर कणा वाकतो. आडवे ठेवलेत तर एका थप्पीत १५-२० हून जास्त नको. काही शे रुपयांत हवेतली आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र मिळतं, ते कपाटात ठेवा. ५५ टक्क्यांच्या खाली असेल तर निर्धास्त राहा. ६५ च्या वर आठवडाभर राहिलं तर बुरशी येणारच असं समजा. जून ते सप्टेंबर ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की ते पिशवीतून काढून तव्यावर किंवा ओव्हनमध्ये मंद तापवून परत वापरा.

बांधलेले खंड कृपा करून उसवू नका. तुम्हाला कुणीतरी सांगेल की सुटे केले की किंमत वाढते. पण सहा अंक कुणी, कुठल्या क्रमाने एकत्र बांधले, वर कसलं कापड किंवा कॅलेंडरचा कागद लावला, पुठ्ठ्यावर काय लिहिलं, यातच त्या घराचं वाचन दिसतं. माझ्याकडे एक खंड आहे. त्यावर कुणा मुलाने जाड शाईने ‘वेताळ, भाग ३, हात धुऊन वाचणे’ असं लिहिलं आहे. त्या खंडातले सगळे अंक माझ्याकडे सुटे, जास्त चांगल्या स्थितीत आहेत. तरी मला एकच गठ्ठा ठेवायची वेळ आली तर मी तो खंड ठेवीन.

संच पुरा करावा का? इथे आधी तुम्ही काय गोळा करू पाहता ते ठरवावं लागेल, आणि हे ठरवण्यात माझी स्वतःची दहा-बारा वर्षं गेली. एक आहे मालिकेचा संच: पहिल्यापासून शेवटपर्यंत, यादीला खूण करत. दुसरा आहे एका माणसाचा संच: त्याने जे वाचलं तेवढंच. हे दोन वेगळे छंद आहेत. पहिल्यात तुमच्या वडिलांच्या १४० मध्ये बाहेरचे अनोळखी अंक मिसळतील, फाटक्या प्रती काढून त्याजागी चांगल्या येतील, आणि दहा वर्षांनी ट्रंकेतलं फारसं काही उरणार नाही. मला विचाराल तर हा संच पुरा आहे. त्यात भर घालू नका. इंद्रजाल गोळा करायची गोडी लागलीच तर वेगळं कपाट करा, वेगळी वही करा.

ती गोडी लागली तर खरेदीबद्दल थोडंसं. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडा. मराठी अंक आता कमी दिसतात, पण दिसतात. तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या वाचनालयांची चौकशी करा. अंक घेताना आधी मधलं पान उघडा, पिनेपाशी ते सुटलेलं किंवा गायब आहे का पाहा, मग पानं मोजा. मुखपृष्ठ जास्तच चकचकीत दिसलं तर भिंगातून बघा: जुन्या छपाईत रंगांचे ठिपके एका ओळीत, ठरावीक कोनात बसलेले असतात, आजच्या इंकजेट प्रिंटमध्ये ते विखुरलेले दिसतात. एकदा मी फोटोवर विसंबून एक सुरुवातीचा अंक दुरून मागवला. आतला अंक खरा होता आणि मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्सचं. विकणाऱ्याने ते लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून मुखपृष्ठ मूळचं आहे का, पानं पूर्ण आहेत का, पिना जुन्या आहेत का, हे तीन प्रश्न मी लेखी विचारतो. आणखी एक. १९९० नंतर डायमंड कॉमिक्सनेही वेताळाचे अंक काढले, ते इंद्रजाल म्हणून कुणी देऊ केले तर नम्रपणे नकार द्या.

स्कॅन जरूर करा, घरच्यासाठी. अंक १८० अंशांत सपाट दाबू नका, अर्धा उघडा धरून वरून फोटो काढा. पण ती पानं इंटरनेटवर टाकू नका. वेताळाचे हक्क किंग फीचर्स या अमेरिकी कंपनीचे आहेत.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, पाकिटं विकत आणण्याच्याही आधी, कोरडे आणि धड असलेले वीसेक अंक घेऊन बाबांजवळ बसा. मोबाइलवर आवाज मुद्रित करायला लावा आणि अंक एकेक करून त्यांच्या हातात द्या. ‘काय आठवतं?’ असं विचारू नका, त्यावर माणूस ‘काही नाही, लहानपणी वाचायचो’ म्हणतो. हा अंक कुठून आणला, पैसे कुणी दिले, यावर कुणाचं नाव आहे, हे पान कुणी फाडलं, असं विचारा. मी माझ्या मामाला हे विचारलं तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. एका अंकाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने आकडे होते, मला वाटलं कुणीतरी गणित सोडवलंय. मामा म्हणाला, ‘तो हिशोब आहे. तुझ्या आईने दोन वाटे घातले होते, मी एक, आणि अंक तिच्याकडे आधी चार दिवस राहायचा होता.’ आई वेताळ वाचायची हे मला त्या दिवशी कळलं. तोवर ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

पावसाला अजून वेळ आहे. वाळवण्याचं काम मेअखेरपर्यंत उरकून घ्या. यादी करताना एखाद्या अंकाचा क्रमांक किंवा महिना लागत नसेल तर मुखपृष्ठ, पहिलं पान आणि छपाईची ओळ असे तीन फोटो पाठवा, मी माझ्या वहीतून ताडून बघतो.